रानात टिकेल असा पाय

माझा उजवा पाय गुडघ्याखाली वीतभर उरला आहे. तेरखेड्यावरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गावर ट्रकनं मोटारसायकलला उडवलं आणि बाकीचा पाय डॉक्टरांना काढावाच लागला. आमचं गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं, त्यामुळे परगावचा माणूस माझ्याकडे बघून आधी दारूच्या स्फोटाचं विचारतो. पण पायाचं माप द्यायला रांगेत बसलो, तेव्हा माझ्या शेजारचे बहुतेक रस्त्यावर पाय गेलेले नाहीतर शुगरनं जखम चिघळलेले होते.

जखम भरल्यावर एका शिबिरात पहिला पाय मिळाला. आत स्टीलची नळी, वरून पायाच्या आकाराचा फोम आणि खाली बुटात घालायचं पाऊल. डांबरी रस्त्यावर ठीक चालायचं. रानात गेलो आणि त्याची परीक्षा झाली. आमची जमीन काळी, चिकणी. पाऊस पडून गेला की बूट चिखलात रुतायचा, फोम पाणी प्यायचा आणि पाय दुप्पट जड व्हायचा. त्या पावलाचा घोटा ताठ. टाचेत मऊ रबर आणि मधे घट्ट गाभा, अशी त्याची रचना असते. बुटाच्या टाचेच्या उंचीवर त्याचा तोल बसवलेला, म्हणून बूट काढला की मी मागे कलायचो. आता घरात, पंगतीत, येरमाळ्याला येडेश्वरीच्या देवळात बूट घालून कोण जाणार? उकिडवं बसणं तर सोडूनच द्या. खुरपायला बसायचं म्हणजे पाय काढून बाजूला ठेवायचा.

पुढं दुसरा पाय करून घेतला, तो जयपूर फूट. 1968च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. शर्मांना सगळे मास्टरजी म्हणत. सेठींना पुढे 1981मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपली माणसं अनवाणी चालतात, मांडी घालून जेवतात, उकिडवं बसतात, हे धरून त्यांनी पाऊल बनवलं. टाचेत आणि चवड्यात स्पंजासारखं हलकं रबर, घोट्यात लाकडाचा ठोकळा, आणि हे सगळं साच्यात घालून वरून पक्क्या रबरात भाजून काढलेलं. त्यामुळे ते वर वळतं, थोडं आडवंही फिरतं. ढेकळावर पाय वाकडा पडला तरी पाऊल स्वतः वळून घेतं, झटका गुडघ्याला बसत नाही. रबर बाहेरून बंद, म्हणून चिखल लागला तर बादलीत धुवायचं.

वरची नळी आधी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असायची, कारागीर ती ठोकून घडवत. नंतर एचडीपीई प्लास्टिकचा पाईप आला. मी समोर बसून बघितलं. आधी माझ्या उरलेल्या पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतला, त्यात प्लास्टर ओतून हुबेहूब ठोकळा काढला. मग पाईपचा तुकडा भट्टीत तापवला. तो पार मऊ पडल्यावर दोघांनी धरून ठोकळ्यावर खाली ओढला आणि ओल्या फडक्यानं दाबत दाबत बसवला. गार झाल्यावर कड कापली, घासली.

“काका, रानात स्प्रिंकलरचे पाईप असतात ना? त्याच जातीचं प्लास्टिक हे,” पाईप ओढणारा एक पोरगा म्हणाला.

मला तेव्हाच भरवसा आला. ते पाईप आम्ही उन्हात टाकतो, त्यांच्यावरून बैल जातात, वर्षानुवर्षं टिकतात. रेड क्रॉसनंही कंबोडियासारख्या देशांत सुरुंगांनी पाय गेलेल्या लोकांसाठी पॉलिप्रॉपिलीन हे असंच साधं प्लास्टिक वापरलं. कार्बन फायबरचं पाऊल हलकं असतं, उसळी देतं, पळायला उत्तम. पण किंमत लाखांत, आणि बिघडलं तर तेरखेड्यात कोण हात लावणार? माझ्या पायाचा चामडी पट्टा गावातला चांभार शिवून देतो.

तरी या प्लास्टिकचे त्रास आहेत. हवा आत जात नाही. एप्रिल-मे महिन्यात आत घामाचं पाणी होतं, कातडी लाल होते, फोड येतात. म्हणून दुपारी बांधावर पाय काढून मोजा पिळायचा, कोरडा चढवायचा. रात्री सॉकेट, म्हणजे उरलेला पाय बसतो तो वरचा भाग, साबणानं पुसायचं आणि उरलेल्या पायाची मागची बाजू आरशात बघायची. शुगरवाल्यांनी तर हे चुकवूच नये, त्यांना फोड दुखत नाही आणि जखम आत वाढते.

दुसरं म्हणजे उरलेला पाय आकसतो, पहिल्या वर्षात तर फारच. आधी एका मोज्यात बसणारा पाय नंतर दोन मोजे, तीन मोजे मागतो. गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर वजन पेललं पाहिजे, ते खाली सरकून हाडाच्या टोकावर येतं. तिथं माणूस कंटाळतो आणि पाय माळ्यावर टाकून पुन्हा काठी धरतो. पाईप फुटलेला नसतो, माप हुकलेलं असतं. रबरी पाऊलही तीनेक वर्षांत चवड्याशी चिरतं. ते चिकटवत बसू नये, बदलून घ्यावं.

असा पाय मिळवायला दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजना 1981पासून आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवला की पायाचं काम सोपं होतं. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944पासून आहे. पण दर वेळी पुणे-मुंबई गाठणं रोजगार बुडवणाऱ्या माणसाला झेपत नाही. पाईप, प्लास्टर, भट्टी आणि शिकलेला एक माणूस एवढ्यावर सॉकेट बदलता येतं. ही सोय तालुक्याच्या गावी व्हायला हवी.

ज्यांना पाय घ्यायचा आहे त्यांनी माप घेणाऱ्याला आधी सांगावं की आपण रानात जातो, अनवाणी चालतो, खाली बसतो. बसून, उठून, चढ चढून बघितल्याशिवाय तिथून हलू नये. आणि पाय सैल वाटायला लागला की काठी शोधण्याआधी पुन्हा माप द्यायला जावं.