खांदा, नांगर आणि निडी

निडी कुठे आहे ते माहीत नाही? साहजिक आहे. कोकणात जाताना आपण सगळेच हे स्टेशन डुलक्या घेत पार करतो. दिव्याहून रोह्याची मेमू पकडायची. पनवेल, पेण, कासू, नागोठणे... आणि रोह्याच्या अगदी अलीकडे निडी. उतरणारे दोन-चार जण, समोर भाताची कापलेली खाचरं, मागे डोंगर आणि कानात अचानक शिरणारी शांतता. लांब पल्ल्याच्या गाड्या इथे न थांबता धडधडत निघून जातात. तो आवाज गेला की पुन्हा सगळं जिथल्या तिथे!

मी मात्र तिथे भटकायला गेले नव्हते. रुसून गेले होते. माझ्याच उजव्या खांद्यावर.

कॉलेजात असताना मी स्टेट लेव्हलला पोहायचे. मग नोकरी, टार्गेट्स, रात्रीचे कॉल्स. सत्ताविसाव्या वर्षी अचानक जाणवलं, की एक स्वप्न राहूनच गेलंय. धरमतर ते गेटवे! साधारण ३५ किलोमीटरचं अंतर. ओहोटीचं गणित जमवून अंधारातच पाण्यात उतरायचं आणि मुंबईच्या दिशेने हात मारत राहायचं. महाराष्ट्रातल्या लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यांसाठी ही जवळपास पंढरीची वारीच. फेब्रुवारीचा मुहूर्त ठरला. सोबतच्या बोटीत बाबा बसणार होते. त्यांना बोट लागते, तरीही.

मग काय, जोशात आले. दोन हजार मीटरवरून तीन आठवड्यांत थेट पाच हजारांवर. वर हाताला पॅडल्स. जरा हिशेब करा. ५० मीटरच्या तलावात एका लॅपला एका हाताचे २० स्ट्रोक धरले, तर पाच हजार मीटरला एकच खांदा दोन हजार वेळा फिरतो. रोज! त्यानंतर तोच खांदा नऊ तास कीबोर्डवर वाकून बसतो.

नोव्हेंबरात केस बांधताना कळ यायला लागली. मी गोळी घेतली आणि पोहत राहिले. सगळ्यात मोठा गाढवपणा हाच. गोळीने दुखणं गप्प बसतं, इजा नाही. डिसेंबरात एके सकाळी वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढता येईना, तेव्हा डॉक्टरकडे गेले. निदान झालं ‘स्विमर्स शोल्डर’. हे नाव १९७४ सालापासून वैद्यकीय लिखाणात रुळलंय, म्हणजे माझ्या आधी किती जणांनी हा गाढवपणा केला असेल बघा. खांद्याची वाटी उथळ आणि त्यातला गोळा मोठा. म्हणून हात चहूकडे फिरतो, पण त्याला जागेवर धरून ठेवायचं काम रोटेटर कफच्या चार छोट्या स्नायूंवर पडतं. ते थकले की गोळा नीट मध्यभागी राहत नाही आणि वरचा स्नायुबंध चिमटतो, सुजतो. सहा आठवडे हाताचा स्ट्रोक बंद. फेब्रुवारी रद्द.

बाबा फोनवर एवढंच म्हणाले, “बरं. मग आत्याकडे जाऊन ये.”

आत्याचं घर निडीत. आतोबांकडे आता बैल नाहीत, भाड्याचा पॉवर टिलर येतो. पण ते आयुष्यभर बैलांमागे चालले आहेत. पहिल्या संध्याकाळी मी दाराच्या कडीला रबरी बँड अडकवून, कोपर कमरेशी ठेवून हात बाहेर वळवायचा व्यायाम करत होते. ते बघत बसले. मग म्हणाले, “बाय, बैलाचा खांदा सुजला ना, का त्याच्यावर जू ठेवायचा नाय. आणि सूज उतरली म्हणून लगेच नांगराला पण नाय. आधी मोकळा चालवायचा, मग रिकामी गाडी, मग नांगर.”

मी हसले. मग हसू थांबलं. कारण माझ्या फिजिओने दिलेल्या छापील कागदावर तेच होतं. फक्त बैल नव्हता! आधी वेदनेशिवाय हालचाल, मग बँड, मग थोडं पाणी आणि अंतर वाढवायचं तेही हप्त्याहप्त्याने, थोडं-थोडं. देशावर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात, तूप-हळद चोळतात. आपण आपल्या खांद्यासाठी वर्षातून एक दिवस तरी काढतो का?

जानेवारी होता, म्हणजे पोपटीचे दिवस. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. मी दर पाच मिनिटांनी “झालं का?” विचारत होते. आत्या वैतागली, “मधेच उघडशील तर कच्चं खाशील.” त्या रात्री पहिल्यांदा कॅलेंडर न बघता झोपले. डाव्या कुशीवर, दुखऱ्या खांद्यावर भार न देता.

परतायच्या आदल्या दिवशी आतोबांनी स्कूटरवरून नागोठण्याला नेलं. पुलाखाली अंबा नदी. एकेकाळी भरतीवर गलबतं इथपर्यंत यायची, ते सांगत होते. हीच अंबा पुढे धरमतरची खाडी होते आणि मुंबईच्या समुद्राला मिळते. म्हणजे माझं पाणी इथूनच जात होतं. मी नव्हते, एवढंच. रडू आलं. आतोबा उगीच दुसरीकडे बघत राहिले.

तेव्हा मुरलीकांत पेटकर आठवले. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात बॉक्सर होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय गेले. पोहणं त्यांच्याकडे आलं ते उपचार म्हणून. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्ण जिंकलं. भारताचं पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यापुढे माझं दुखणं म्हणजे ओरखडा. पण त्यांच्याकडून एक गोष्ट नक्की घेता येते: शरीर जिथे आहे तिथून सुरुवात करायची, जिथे होतं तिथून नाही.

परत आल्यावर आधी पाठीवर झोपून, हात अंगाशी ठेवून नुसती किक मारली. किकबोर्डही नाही, कारण हात पुढे ताणले की खांद्यावर ताण येतोच. मग स्ट्रोक सुधारला. अंगठा आधी पाण्यात खुपसायची सवय सोडली, हात डोक्यासमोर आडवा जाऊ देत नाही, श्वास दोन्ही बाजूंनी घेते. पॅडल्स माळ्यावर. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं बँड, ऑफिसात तासाला एकदा उठून पाठ सरळ. नुसती स्नायूंची ठणक असेल तर चालतं. टोचणारी कळ आली की त्या दिवशी बाहेर. नो पेन, नो गेन लिहिलेला टी-शर्ट आता फरशी पुसायला आहे!

सध्या आठवड्यातून तीनदा, दोन हजार मीटर. पुढच्या हिवाळ्यासाठी भरती-ओहोटीचं कोष्टक पुन्हा काढलंय. बाबांनी बोट लागण्यावरच्या गोळ्यांची चौकशी केलीय. आतोबांना फोन केला तर त्यांनी एकच विचारलं, “रिकामी गाडी ओढतेस ना अजून?”

हो म्हटलं. नांगराला अजून वेळ आहे.