बेसीच्या रिकाम्या जागा

२ जुलै, मंगळवार
भाचा घर बदलतोय. नकोशा वस्तूंचं एक खोकं आमच्या दारात ठेवून गेला. त्यात तीन चार्जर, एक फुटकी चाळण आणि तीन सीड्यांचा संच निघाला. काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदाने डेका कंपनीसाठी केलेली सगळी ध्वनिमुद्रणं, जानेवारी १९३७ ते फेब्रुवारी १९३९. संच काढलाय १९९२ साली. "मामा, तुम्हाला ताल कळतो, राहू द्या." माझं कळणं म्हणजे तबल्याच्या दोन परीक्षा आणि भजनी मंडळातला ठेका.

पहिली सीडी एका बैठकीत ऐकली आणि दमलो. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचा ऐवज मावायचा. लोक एक गाणं ऐकून उठायचे, तबकडी उलटायचे, नाचायचे. अशी वीस गाणी ओळीने ऐकावीत, हे त्या वादकांच्या स्वप्नातही नसेल. उद्यापासून रोज चारच.

४ जुलै, गुरुवार
पालख्या शहरातून पुढे गेल्या, पण कानात टाळ राहिलाय. म्हणूनच असेल, आज सगळं सोडून ड्रमवाल्या जो जोन्सकडेच लक्ष गेलं. इतर वादक पायाखालच्या मोठ्या ढोलावर ठोके देत, याने चाल हाय-हॅटवर आणली. हाय-हॅट म्हणजे दांडीवर समोरासमोर बसवलेल्या दोन झांजाच: पायाने मिटायच्या-उघडायच्या, वरून काडीने वाजवायच्या. त्यामुळे ताल जमिनीवरून चालत नाही, वीतभर वरून जातो.

खाली वॉल्टर पेजचा बास, मधे फ्रेडी ग्रीनची गिटार. ग्रीनची गिटार ऐकायला जाल तर सापडत नाही, पण ती काढली तर सगळं पोकळ होईल अशी शंका येते. १९३७ मध्ये हा माणूस बेसीकडे आला आणि जवळपास पन्नास वर्षं तिथेच चारचा ठेका धरून बसला. ठेका धरणाऱ्याची इतकी कदर आमच्या मंडळात अजून कुणी केलेली नाही.

७ जुलै, रविवार
सकाळपासून पाऊस. 'वन ओ'क्लॉक जम्प' सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला मुद्रित झालं, म्हणून ते पाच वेळा लावलं. बारा मात्रा नव्हे, बारा बार. पण आवर्तनच म्हणायचं. सुरुवातीला बेसी पियानोवर एकटा, मग पट्टी बदलते आणि हर्शल एव्हन्सचा जाडसर सॅक्सोफोन, मग ट्रॉम्बोन, मग लेस्टर यंगचा दुसरा, सडपातळ सॅक्सोफोन, मग बक क्लेटनचा ट्रम्पेट. मागे बाकीचे एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा टाकत राहतात. शाहिरामागे झीलकरी असतात, तसे. हे सगळं कागदावर नव्हतं, वाजवता वाजवता बसवलेलं होतं. मूळ नाव रेडिओवर उच्चारण्यासारखं नव्हतं. निवेदकाने नाव विचारलं तेव्हा रात्रीचा एक वाजत आला होता, म्हणून हे नाव पडलं म्हणतात.

शेवटाकडे सगळे गप्प होतात. बेसी दोन सूर टाकतो, थांबतो, आणखी एक टाकतो. आपल्याकडे गवई जागा घेतो म्हणजे तिथे काहीतरी करतो: मुरकी, हरकत, छोटी तान. बेसी जागा रिकामी ठेवतो आणि ती बास आणि झांजा भरून काढतात. वाजवता येत नव्हतं म्हणून नव्हे. इतरत्र त्याचे हात कसे धावतात ते याच सीडीवर ऐकलंय.

८ जुलै, सोमवार
सोबतच्या पुस्तिकेचे टाके निघालेत, नि वाचून डोकंही फिरलं. जॉन हॅमंड नावाच्या श्रीमंत रसिकाने १९३६ मध्ये शिकागोत मोटारीच्या रेडिओवर कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबातलं हे वादन पकडलं आणि तो यांना भेटायला निघाला. तो पोचेपर्यंत डेकाच्या माणसाने करार उरकला होता. चोवीस बाजू, साडेसातशे डॉलर, रॉयल्टी शून्य. बेसीने सही केली. हॅमंडच्या खटपटीने पुढे निदान संघटनेच्या दराने पैसे मिळू लागले, रॉयल्टी नाहीच. डेकाच्या मुद्रणांआधी हॅमंडने यांतल्या चारपाच वादकांना 'जोन्स-स्मिथ' अशा खोट्या नावाने शिकागोत वाजवायला लावलं होतं. लेस्टर यंगची ती पहिली मुद्रणं. ती दुसऱ्या कंपनीची, म्हणून या संचात नाहीत. 'संपूर्ण' हा शब्द कंपन्या आपापल्या कुंपणापुरता वापरतात.

११ जुलै, गुरुवार
'ब्लू अँड सेंटिमेंटल', जून १९३८. एव्हन्सचं गाणं. तो इतका सावकाश आणि भरीव वाजवतो की खोली लहान वाटू लागते. शेवटी यंग सॅक्सोफोन ठेवून क्लॅरिनेट उचलतो. दोघांची चढाओढ नाचणाऱ्यांनाही माहीत होती. पण इथे यंग जपूनच वाजवतो, जणू दुसऱ्याच्या घरी आलाय.

तिसरी सीडी लावायला हात धजेना. संग्रहाची हीच अडचण: पुढे काय होणार ते आपल्याला माहीत असतं, वाजवणाऱ्यांना नसतं. ९ फेब्रुवारी १९३९ ला एव्हन्स हृदयविकाराने गेला. तिशी गाठली नव्हती.

१४ जुलै, रविवार
ही म्हणाली, "हा ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या गाण्यातला वाटतो." मी हसलो, मग हसू आवरलं. बक क्लेटन बेसीकडे येण्याआधी १९३४ पासून दोनेक वर्षं शांघायमध्ये आपला वाद्यवृंद घेऊन होता. त्याला तिथे नेणारा पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. त्याच्या हाताखाली गोव्याचे वादक तयार झाले. आणि मुंबईतल्या त्याच गोवेकरांच्या गोतावळ्यातला चिक चॉकलेट 'अलबेला'त, १९५१ साली, सी. रामचंद्रांच्याच संगीतावर ट्रम्पेट घेऊन पडद्यावरही दिसतो. तिला हे सगळं सांगायला लागलो तर म्हणाली, "मी तेच म्हटलं ना."

१७ जुलै, बुधवार
आषाढी. देवळात भजन. दुसऱ्या अभंगाला धीर करून एका आवर्तनात चार बोल गाळले. टाळ चालूच होते, काही पडलं नाही. पेटीवरच्या बुवांनी मात्र मान वळवून विचारलं, "डोळा लागला काय हो?"