जळिताचं दालन

29 जानेवारी 2026, सातारा
बसस्टँडजवळच्या शिवाजी महाराज संग्रहालयात गेले. जुलै 2024 मध्ये लंडनची वाघनखं आली तेव्हा इथे रांगा लागल्या होत्या. आज एक शाळेची सहल तेवढी. हे मराठेशाहीचं संग्रहालय, त्यात 1948 शोधणं गैरच. पण गांधीहत्येनंतर साताऱ्या-सांगलीत जळलेल्या ब्राह्मणांच्या घरांविषयी पाहायचं तर जायचं कुठे?

30 जानेवारी, औंध
श्रीभवानी संग्रहालय. रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूरचं शिल्प. भवानराव पंतप्रतिनिधींची नजर मोठी. याच राजानं 1939 मध्ये गांधींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. आटपाडीला स्वतंत्रपूर वसवलं, तिथे कैद्यांना बेड्यांशिवाय शेती करू दिली. त्यावर आलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा गदिमांची. 1939 नंतर नऊ वर्षांनी याच संस्थानात ‘गांधीजी की जय’ म्हणत घरं पेटवली गेली. गदिमांचं माडगूळचं घरही त्यात गेलं.

31 जानेवारी, माडगूळ
व्यंकटेश माडगूळकरांच्या याच जळितावरच्या ‘वावटळ’ कादंबरीतली माणसं डोक्यात घेऊन गावात फिरले. पारावरचे एक आजोबा म्हणाले, “जाळणारी मानसं भायेरगावची हुती, ताई. आमच्यातलं कुनी नव्हतं.” हेच मी विट्याकडेही ऐकलंय. प्रत्येक गावात बाहेरगावचेच आले असतील, तर ते निघाले कुठल्या गावातून? ब्राह्मणांना कणगीत, गोठ्यात लपवणारे मात्र गावोगावी आपले होते म्हणतात. तेही खरं असणार.

1 फेब्रुवारी, सांगली
वाटेत किर्लोस्करवाडी लागली. शेकडो घरांची चूल चालवणारा तो कारखानाही तेव्हा पेटवला होता. एका नथुरामाची जात पाहून हजारोंना शिक्षा झाली. तिचं समर्थन होत नाही. पण या जळिताचं दालन कधी झालंच, तर त्यात सावकारीची खतं, पाणवठ्यावरची शिवाशिव आणि सत्यशोधकांची पत्रकंही हवीत. नाहीतर ते एका जातीचं गाऱ्हाणं होऊन बसेल, आणि बाकीचे उंबऱ्यावरूनच परत जातील.

फाळणीचं संग्रहालय अमृतसरला उभं राहायला 2017 उजाडलं, सत्तर वर्षं गेली. आपली त्याहून जास्त झालीत. ज्यांच्या घरी पंचनामे, जळीत कर्जाचे कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. ज्यांच्या आजोबांनी शेजारी लपवला त्यांनी लिहून ठेवावं. ज्यांच्या आजोबांनी काडी ओढली, त्यांनीही.