आईची मोठी अक्षरं

वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्तानं तालुक्यातल्या एका संस्थेनं ज्येष्ठ वाचकांची स्पर्धा ठेवली होती. तिथं माझ्या आईला बाद केलं. कारण एवढंच की तिनं पुस्तक टॅबवर वाचलं होतं. स्पर्धा लहान, बक्षीस त्याहून लहान. तरी ती दुपार आठवली की अजून माझं डोकं तापतं.

आम्ही भाज्याचे. मळवली स्टेशनला उतरून लेण्यांकडे निघालं की वाटेत लागतं ते गाव. थोडी भातशेती, वडील रेल्वेत, रोज लोकलनं पुण्याला जाऊन-येऊन. येताना वाचनालयाचं पुस्तक आणायचे. आई सातवी शिकलेली, पण ते पुस्तक वडिलांच्या आधी तिचं वाचून व्हायचं. पुढं वडील गेले. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, पण आतला पडदाच खराब निघाला. नजरेच्या बरोबर मधोमध धूसर डाग. कडेचं दिसतं, समोरचं नाही. भिंग आणून दिलं. भिंगाखाली एकेक शब्द सरकवत नेताना वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटून जायची. काही महिन्यांनी तिनं भिंग कपाटात ठेवलं आणि वाचनाचं नावच काढेनाशी झाली.

तसं कपाटात वाचण्यासारखं फार उरलंही नव्हतं. आमच्या या लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरात कपडे वाळत नाहीत, तिथं कागदाचं काय! वडिलांनी पैसे साठवून घेतलेली पुस्तकं लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवली होती. तरी पानाला पान चिकटलं, बांधणीला बुरशी धरली, आणि मागच्या भिंतीतून आलेल्या वाळवीनं खालचा सगळा कप्पा पोखरला. जुन्या पुस्तकाच्या वासावर लोक किती प्रेमानं बोलतात. आमच्या घरात तो वास म्हणजे बुरशी, आणि त्यानं आईचा खोकला उठतो.

टॅब भाच्याचा, वापरलेला. मी त्यात अक्षरं इतकी मोठी करून दिली की एका ओळीत तीन-चार शब्दच मावावेत. पार्श्वभूमी काळी, अक्षरं पांढरी. आईनं तो थोडा तिरपा धरला, मान वळवली, आणि कडेच्या नजरेनं वाचायला लागली. पहिलं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, त्यामुळे ते पुस्तक कुणीही उतरवून घ्यावं. हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. म्हणजे मराठीतलं केवढं तरी उत्तम वाङ्मय एक पैसा न देता भाज्याच्या ओसरीवर येऊन पडतं. मुसळधार पावसात लाईट गेली तरी, चार्जिंग असेल तोवर, आईचं वाचन चालू.

अशा बाईचं नाव मी त्या स्पर्धेत घातलं. वाचलेल्या एका पुस्तकावर दहा मिनिटं बोलायचं, एवढंच अर्जात छापलं होतं. आई ‘स्मृतिचित्रे’वर बोलली. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यापायी घरच्या बायकांचे किती हाल झाले, ते तिनं स्वतःच्या सासरशी जोडून सांगितलं. पुढं लक्ष्मीबाईंचे पती टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या बाईची काय अवस्था झाली असेल, हे सांगताना ती दोनदा थांबली. समोरच्या बायका ऐकत होत्या. एकीनं पदरानं डोळे पुसले, हे मी स्वतः पाहिलं.

बोलणं संपल्यावर परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, “आजी, पुस्तक आणलं नाही?” आईनं पिशवीतून टॅब काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो हातात घेतलासुद्धा नाही. दुसरे म्हणाले, “हे स्क्रीनवरचं झालं. वाचन म्हणजे पुस्तक हातात घेऊन.” मी उठून डोळ्यांचं सांगितलं, डॉक्टरांचा कागद दाखवायची तयारी दाखवली. त्यावर ते शांतपणे म्हणाले की मुलांनी मोबाईल सोडावा म्हणून तर हा दिवस आपण पाळतो. इथं टॅबला मान दिला तर मुलांना काय सांगायचं? मी विचारलं, नियमात तसं कुठं लिहिलंय? “ते गृहीतच आहे,” हे उत्तर. नाव यादीतून काढलं. चहाच्या वेळी एक बाई आईपाशी येऊन म्हणाल्या, “तुम्ही छान बोललात हो काकू, पण छापील असतं तर बरं झालं असतं.”

आई परतताना लोकलमध्ये गप्प होती. कामशेत गेल्यावर एवढंच म्हणाली, “मग मी वाचलं ते काय होतं?”

मी संस्थेला पत्र लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. तेव्हाही नाही. मुलांचा मोबाईल सुटावा हे मलाही वाटतं, माझीही मुलं आहेत. पण रील बघणारं पोर आणि आपटे वाचणारी म्हातारी यांच्यातला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी वाचनाची परीक्षा घ्यायला बसू नये. आणि हा प्रश्न मर्जीचा राहिलेलाच नाही. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही त्यांना वाचता येईल अशी प्रत मिळावी, म्हणून २०१३ मध्ये माराकेशला एक आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन अपंग वाचकासाठी अशी प्रत तयार करायची मुभा मिळाली होती. देशानं मान्य केलेली गोष्ट तालुक्याच्या एका सभागृहात बाद होते!

माझं स्वतःचंही वाचन त्या टॅबनं बदललं. ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियर’चा पुण्याचा अठरावा खंड, १८८५ चा, तीन भागांतला, जुन्या ग्रंथालयात असला तर संदर्भ विभागात, घरी न्यायची परवानगी नाही. तो मी आमच्या लेण्यांतल्या चौदा स्तूपांच्या समूहासमोर दगडावर बसून वाचला. जन्मभर ज्या स्तूपांभोवती खेळलो, त्यांतल्या काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावं कोरलेली आहेत हे मला त्या वाचनानंतर नीट उमगलं.

तरी ई-बुकांची सगळीच बाजू मला घेता येत नाही. आईनं एक विकतचं ई-पुस्तक संपवलं आणि शेजारच्या काकूंना द्यायला निघाली. देता येईना. ते माझ्या खात्याला बांधलेलं. पैसे भरूनही पुस्तक आपलं होत नाही, वाचायची परवानगी तेवढी मिळते. २००९ मध्ये ॲमेझॉननं वाचकांच्या किंडलवरून ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी परस्पर काढून घेतली होती, पैसे परत देऊन का होईना. वाळवी लागली तरी वडिलांचं पुस्तक असं कुणी घरातून उचलून नेलं नसतं. ही गोष्ट वाचल्यावर छापील पुस्तकांवरचा माझा राग थोडा उतरला, हे खरं.

मराठीत तर आणखी एक पंचाईत. पुष्कळ ई-पुस्तकं म्हणजे छापील पानाचे नुसते फोटो. मोठं करायला गेलं की अख्खं पान मोठं होतं, ओळ पडद्याबाहेर जाते, आणि प्रत्येक ओळीला बोटानं डावीकडे-उजवीकडे ढकलत बसावं लागतं. म्हणजे पुन्हा भिंगच. बऱ्याच प्रकाशकांचा मजकूर जुन्या फाँटमध्ये जुळवलेला असतो. तो युनिकोडमध्ये नीट बदलून कुणी तपासला नाही तर जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे जाऊन बसतो. प्रकाशकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: अक्षर वाढवता येतं अशा ई-पबमध्ये द्या, मुद्रितशोधकाकडून तपासून द्या, मग हवी ती किंमत लावा. आणि घरात नजर गेलेलं माणूस असेल त्यांनी पुस्तक विकत घेण्याआधी नमुना उतरवून अक्षर वाढतं का ते पाहावं.

आईला आता वडिलांच्या कपाटातली एक कादंबरी हवी आहे, लग्नानंतर दोघांनी मिळून वाचलेली. तिचं ई-पुस्तक नाही. प्रकाशकाला फोन केला तर काढायचा विचार नाही म्हणाले. मग सुटीच्या दिवशी मी तीच बुरशी धरलेली प्रत उन्हात ठेवतो, पानांचे फोटो काढतो आणि संगणकाकडून त्यांचा मजकूर करून घेतो. आईपुरतं हे करायला कायद्याची आडकाठी नाही. संगणक ‘घ’चा ‘ध’ करतो, ‘म’चा ‘भ’. त्या चुका आईच पकडते, मोठ्यानं वाचून, आणि मी दुरुस्त करत जातो. वाळवीनं खाल्लेल्या जागी तर ती मला शब्द आठवून सांगते, आणि ते बरोबर आहेत की नाहीत हे ताडून बघायला मी पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दुसरी छापील प्रत शोधतो आहे.