दोरी कामगाराच्या हाती

धावत्या आगगाडीची साखळी ओढायची म्हटली, की भल्याभल्यांचा हात कचरतो. कारण अगदी खरे असले, तरी गार्ड काय म्हणेल, दंड तर भरावा लागणार नाही ना, ही धास्ती असतेच. मग जिथे दर मिनिटाला एक मोटार तयार होते, अशा कारखान्याचे काम थांबवणारी दोरी साध्या कामगाराच्या हाती दिली तर?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी नेमके हेच घडले. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना बदनाम होता. कामगार दांड्या मारत, कामावर दारू पीत, कारणाअकारण संप होत. साहेब आणि कामगार एकमेकांना शत्रूच समजत. शेवटी १९८२ साली कारखान्याला टाळे लागले.

दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, जपानच्या टोयोटा कंपनीने जनरल मोटर्सशी भागीदारी करून तोच कारखाना पुन्हा सुरू केला. त्याचे नाव ‘नुम्मी’. आश्चर्य म्हणजे, कामावर घेतलेले बहुतेक लोक जुनेच होते. ज्यांना सगळ्यांनी वाया गेलेले म्हटले, तेच हे कामगार! त्यांतल्या शेकडो जणांना जपानला नेऊन टोयोटाच्या कारखान्यात शिकवले गेले.

तिथे त्यांना ती दोरी दिसली. मोटार जोडताना काही चुकले, की कामगाराने दोरी ओढायची. दिवा लागतो, धून वाजते आणि गटप्रमुख धावत येतो. तो येतो तो रागवायला नव्हे, मदत करायला. अडचण लगेच सुटली तर काम चालूच राहते. नाही सुटली तर सारी रांग थांबते. जुन्या फ्रीमाँटमध्ये याच्या अगदी उलट होते. काहीही झाले तरी रांग थांबता कामा नये! चुकीची जोडलेली मोटारही तशीच पुढे जायची आणि दुरुस्ती मागाहून व्हायची.

या दोरीचे मूळ एका मागात आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये असा स्वयंचलित माग पूर्णत्वास नेला, की धागा तुटताच तो आपोआप थांबे. खराब कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेले बरे, हा त्यामागचा विचार. पुढे त्यांच्या मुलाने मोटारींचा कारखाना काढला, तेव्हा हाच विचार तिथे गेला. त्याला जोड मिळाली ‘कायझेन’ची, म्हणजे रोजच्या कामात थोडी थोडी सुधारणा करत राहण्याची. ती सुचवायची कोणी? जो ते काम हाताने करतो, त्यानेच.

नुम्मीत साहेबांची वेगळी खानावळ गेली, गाड्या लावायची राखीव जागाही गेली. १९८८ च्या सुमारास मोटारींचा खप घटला, तेव्हा कामगारांना घरी बसवले नाही. तो वेळ शिकण्यात आणि सुधारणांत लावला. वरच्यांनी शब्द पाळला, म्हणून खालच्यांनी जीव ओतला. दांड्या कमालीच्या घटल्या आणि तिथल्या मोटारी जपानी मोटारींच्या तोडीच्या ठरल्या.

मग जनरल मोटर्सने ही रीत आपल्या इतर कारखान्यांत का नेली नाही? नेण्याचा प्रयत्न झाला. दोरी बांधणे सोपे होते. पण काही ठिकाणी ती ओढली की सुपरवायझरच्या कपाळावर आठ्या चढत. मग कोण कशाला ओढेल? दोरी तशीच लोंबकळत राहिली.

नुम्मीही कायमची टिकली नाही. जनरल मोटर्स दिवाळखोरीत सापडून भागीदारीतून बाहेर पडली आणि १ एप्रिल २०१० रोजी तिथून शेवटची मोटार निघाली. हजारो हातांचे काम गेले. कामगार कितीही मन लावून राबला, तरी कंपनीचे सारे निर्णय काही त्याच्या हाती नसतात, हेही तितकेच कटू सत्य.

तरीही त्या दोरीची शिकवण जुनी होत नाही. दुकान असो, कचेरी असो वा आपले घर, चूक सर्वांत आधी दिसते ती काम करणाऱ्यालाच. नवी सून म्हणाली, “आई, हा डबा खाली ठेवला तर रोज स्टूल ओढावे लागणार नाही,” तर सासूबाई काय उत्तर देतात? “आमच्याकडे असेच चालते” असे एकदा ऐकले, की पुढच्या वेळी सून गप्पच बसेल. पण “अगं, खरंच की! ठेवून बघू या,” एवढे म्हटले, तर उद्या ती आणखी काही सुचवील.

दोरी देणे सोपे असते. कोणी ती ओढली की कपाळाला आठी न घालता धावून जाणे, हेच खरे मोठेपण!