वर्गणी भरावी का?

क्लबाची वर्गणी म्हणजे न केलेल्या सहलींचे आगाऊ भाडे, असे आमच्या सौभाग्यवतींचे ठाम मत. इंग्लंडात जुनी कॅरॅव्हॅन घेतली, तेव्हा हा वाद आठवडाभर चालला. थॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याने 1901 साली सायकलवाल्यांची तंबूमंडळी जमवली. तिचाच आजचा कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब झाला, हे मी सांगून पाहिले. पण परंपरेने का कुठे बायकोची पर्स उघडते?

तिढा सोडवला 1960 च्या कायद्याने. त्यातील सवलतीमुळे क्लबाचा दाखला मिळालेल्या शेतकऱ्याला आपल्या रानात सरकारी परवान्यावाचून पाच कॅरॅव्हॅन उतरवता येतात. मात्र त्या सभासदांच्याच! क्लबाच्या बऱ्याच मोठ्या तळांवर बिगरसभासदालाही जादा पैसे मोजून थारा मिळतो. म्हणजे वर्षाकाठी दोन रात्री जाणाऱ्याने खुशाल जादा पैसे मोजावेत. निवांत रान हवे असेल, त्याने वर्गणी भरावी.

आमची मुलगी सोळाची. आईबापांबरोबर हिंडण्याचे तिचे फार तर दोन उन्हाळे उरले. आणि पैसे भरले की ते वसूल केल्याशिवाय मराठी माणूस घरी बसत नाही! ही हसली, आणि तिनेच अर्ज भरला.