पावसाळ्यातला डेल्को

जून लागला की आमच्या पिढीला दोन गोष्टींची धास्ती असायची: घराच्या कौलांची आणि पेट्रोल जीपच्या डेल्कोची. कौलं गळली तर खाली बादली मांडता यायची. डेल्को ओलावला तर अख्खी जीपच घाटात मांडून ठेवावी लागायची. कागदोपत्री त्याचं नाव डिस्ट्रिब्यूटर, पण घाटात कागद कोण पाहतो? काळं बेकेलाइटचं टोपण आणि त्यातून निघालेल्या पाच जाड वायरी, मधली कॉइलकडून येणारी, बाकीच्या चार प्लगांकडे जाणाऱ्या. आत गरगरणारा रोटर, खाली उघडझाप करणारे पॉइंट. बॅटरीच्या बारा व्होल्टांचे कॉइलने पंधरा-वीस हजार केले, की ते १-३-४-२ या क्रमाने ज्याचे त्याला पोचते करायचे, एवढंच त्याचं काम. आणि पावसाळ्यात नेमकं तेवढंच त्याला जमत नसे.

आता बॉनेट उघडलं तर टोपणही नाही आणि वायरींचा तो गुंताही नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसलेली असते आणि ठिणगी कधी पाडायची ते एक बंद डबा ठरवतो. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या आंबोलीत गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी बटण दाबताच सुरू होते. आम्ही चावी फिरवून कान टवकारायचो. आताची मुलं बटण दाबून मोबाइल पाहतात.

तेव्हा ओल नुसती ओल नसायची, तिचे प्रकार असायचे. रात्रीचं दव टोपणाला आतून धरायचं, ओढ्याचं पाणी पंखा बाहेरून उडवायचा. एवढ्या दाबाची वीज सोपी वाट शोधते. प्लगपर्यंत जाण्यापेक्षा टोपणावरच्या ओलसर मळीतून शेजारच्या खुंटीवर उडी मारणं तिला सोपं पडे. मग इंजिन मिस मारायचं, खोकायचं, गप्प व्हायचं. तीच वाट वारंवार जळली की टोपणात केसाएवढी काळी रेघ उमटायची. ती एकदा उमटली की टोपण कितीही वाळवा, वीज तिथूनच पळणार. आतल्या ठिणग्यांनी हवेतच ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होत, ओलीशी मिळून त्यांचं आम्ल होई आणि पितळी खुंट्या ताकाच्या भांड्यासारख्या कळकून हिरव्या पडत. पॉइंटांची तऱ्हा आणखी वेगळी: एकावर टेंगूळ, दुसऱ्यावर खड्डा.

आता ओल गेली आहे असं मात्र नाही. तिने पत्ता बदलला आहे. प्लगच्या विहिरीत पाणी साचतंच, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतातच. फरक इतकाच की ते आपल्याला दिसत नाही, स्क्रीनला दिसतं. गॅरेजमधला मुलगा येतो, टॅब जोडतो, ‘पी-०३०१’ असा आकडा वाचतो आणि पहिला सिलिंडर मिस मारतोय म्हणून सांगतो. कॉइल सीलबंद, पुसायची सोय नाही, बदलायची आहे.

पुसणं हा तेव्हाचा मुख्य विधी. स्क्रूड्रायव्हरने दोन क्लिपा सोडवायच्या, वायरींचा क्रम न मोडता टोपण उलटं करायचं आणि कोरडं फडकं शोधायचं. धो धो पावसात कोरडं फडकं म्हणजे ड्रायव्हरच्या अंगातलं बनियन. तेही ओलं असलं तर पेट्रोलचा बोळा फिरवून पेट्रोल उडून जाईपर्यंत फुंकत बसायचं. चहाची टपरी जवळ असली तर टोपण चुलीपाशी शेकायला ठेवायचं आणि तोवर चहा घ्यायचा. पॉइंटांवर पॉलिश पेपर मारायचा, मधली धूळ एसटीच्या तिकिटाने ओढून काढायची, गॅप वीस थाऊ. फिलर गेज नसलं तरी अडत नसे; डोळा मारून गॅप धरणारे लोक होते. ओढा आला की आधी फॅनबेल्ट उतरवायचा, टोपणाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची. मुक्कामी रोटर काढून खिशात ठेवला, की जीपला कुलुपाची गरज उरत नसे.

आता अशी गाडी अडली तर आपण आत बसून राहतो, काच वर, एसी चालू, टोइंगवाल्याची वाट पाहत. हात काळे होत नाहीत. कुणी थांबून ‘काय झालं, करंट येत नाही का?’ असं विचारत नाही, कारण विचारून कुणाला काही करता येणार नसतं.

पण आठवणींची ही गोडी तपासून घेतलेली बरी. बनियन काढून भिजत उभा राहायचा तो ड्रायव्हर. आम्ही मागच्या फळीवर ताडपत्रीखाली शेंगा खात बसलेलो. त्याला कधी कुणी या विधीबद्दल विचारलं असतं, तर त्याने विधी हा शब्द वापरला नसता, दुसरा वापरला असता. दवाखान्याची जीप ओढ्यात बंद पडली की आतल्या माणसाला काय वाटत असेल, याचा हिशेब आमच्या स्मरणरंजनात कुठेच नाही.

आणि डेल्को संगणकाने संपवला हे म्हणणं शहरातल्या मोटारींपुरतं खरं. जीपमधला डेल्को त्याच्या कितीतरी आधी गेला. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं, १९८० च्या दशकात महिंद्राच्या जीपमध्ये प्युजोचं डिझेल इंजिन आलं, आणि डिझेलला ठिणगीच लागत नाही: ना कॉइल, ना पॉइंट, ना ओलीची भीती. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती त्यांनीही इंजिन उतरवून डिझेलचं चढवलं. तेव्हा कुणी हळहळलं नाही. डेल्को हरवला असं आज आम्ही म्हणतो, पण तो हरवला नव्हता. आम्हीच तो इंजिनासकट भंगारात घातला आणि आलेल्या पैशांचं डिझेल भरलं.